गच्चीवरचा सम्राट

माझा स्वभाव तापट आहे, संगमनेरात कुणालाही विचारा. गिऱ्हाईक हसत नसलं की मी ओरडतो, जास्त हसलं तरी ओरडतो. आमची ही म्हणते, तुमच्या स्टुडिओत माणूस चौकीत आणल्यासारखा बसतो, म्हणून तुमचे पासपोर्ट फोटो एवढे खरे येतात. असेल. पण कामात मी कुणाला फसवलेलं नाही. विमलबाईंनाही नाही. तरी व्हायचं ते झालंच, आणि त्याचा राग कुणावर काढावा हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सत्त्याण्णव साली मी स्टुडिओत कॉम्प्युटर घेतला, सोबत स्कॅनर आणि कलर प्रिंटर. काम यायचं ते बहुतेक मेलेल्या माणसांचं. आमच्याकडं माणूस गेला की मग घरच्यांच्या लक्षात येतं, अरे, ह्याचा एकट्याचा असा फोटोच नाही. मग कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पंगतीतून त्याला उचलायचं, हातातला द्रोण पुसायचा, अंगावर कोट चढवायचा, मागं निळं आकाश टाकायचं आणि मोठा करून द्यायचा. जन्मात कोट न घातलेले कितीतरी म्हातारे मी कोटात बसवलेत. लोक खूश होऊन जायचे. आणि सहा-आठ महिन्यांनी तेच लोक फ्रेम काखेत मारून परत यायचे, कारण शाई उडायची. आधी लाल जायचा, मग पिवळा, आणि मागं उरायचा तो निळा. अकोल्याचा एक जण तर दुकानात उभा राहून म्हणाला, आमचे तात्या हार्टनं गेले, तुम्ही त्यांना विष पाजल्यासारखं केलंय. मी त्यालाही ओरडलो. पण त्याचं खरं होतं.

पुण्याचा डीलर होता, छगनशेठ. त्याला मी फोनवर नाही नाही ते बोललो. तो गडी थंड. म्हणाला, "गोरखभाऊ, आता पिगमेंटची शाई आलीय. साध्या शाईत रंग साखरेसारखा विरघळलेला असतो, ह्यात बारीक भुकटी असते. उन्हाला दाद देत नाही." मी म्हटलं, तू सांगतोस म्हणून मी मानणार नाही, मी तपासून बघणार.

तपासायचं कसं ते मला वडिलांनी शिकवलेलं होतं. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नवा रंग आला की पत्र्याचा तुकडा रंगवायचे, अर्ध्यावर फरशी ठेवायचे आणि तो उन्हाळाभर बाहेर टाकून द्यायचे. पाऊस तोंडावर आला की फरशी उचलायची. झाकलेला भाग आणि उघडा भाग सारखे दिसले तर रंग खरा. त्याशिवाय ते कुणाच्या नावाला तो रंग लावत नसत.

मी शाई मागवली, सुईनं कार्ट्रिजमध्ये भरली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात विमलबाई आल्या.

कॉलेजच्या होस्टेलच्या मेसमध्ये त्या भाकरी करायच्या. स्टँडमागं एका खोलीत राहायच्या. नवरा केव्हाच गेलेला. एकुलता एक मुलगा सम्राट टेम्पो चालवायचा. आदल्या हिवाळ्यात चंदनापुरीच्या घाटात टेम्पो खाली गेला आणि पेटला. बाईंना पोराचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. लायसनवर फोटो होता, ते त्याच्या खिशात होतं. घरात उरला एकच फोटो, विहारात लग्न लागलं तेव्हाचा. कुणा पाहुण्यानं काढलेला, निगेटिव्हचा पत्ता नाही. पांढऱ्या कपड्यातले दोघं, फ्रेममध्ये मावावं म्हणून एकमेकांना चिकटून उभे. तिचे केस त्याच्या कानावर आलेले.

"ह्यातून माझा सम्राट एकला काढून द्या," विमलबाई म्हणाल्या. "सून दिसाया नको."

मी फटकन बोललो, "मावशी, सुनेवर एवढा राग?"

"राग कशाचा आलाय? माधुरी लेक हाय माझी. बावीस वर्साची पोर, जलमभर काय माझ्या भाकरी थापीत बसंल? नाशिककडचं स्थळ आनलंय मी. मास्तर हाय, सोभावानं गरीब. पन ही हालंना. दिस मावळला की ह्या फोटोपुढं बसती. नवरीच्या कपड्यातली ती ह्या भितीवर हाय तवर काय ती इथनं निघायची न्हाई. आन त्या मास्तरानं तरी का बघावं ते? एकला सम्राट लावते भितीला, आन ह्यो घालते चुलीत."

"जाळता कशाला? माझ्याकडं ठेवा की."

"तुमच्याकडं ठिवला तर ती मागाया यील. आन तुमी द्याल."

खरं म्हणजे दिलाच असता. कात्रीनं कापून चाललं असतं का तेही पाहिलं. कापला असता तर एकतर त्याचा कान गेला असता नाहीतर तिचं कपाळ राहिलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "टिकंल ना पन? आमच्या मेसवाल्या बाईचा सासरा तुमीच केल्ता. पार निळा पडलाय त्यो. तसं व्हनार आसंल तर आत्ताच सांगा. मंग मी ह्याला काडी लावनार न्हाई. पोरीचं काय करायचं ते बघू."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बिनघोर राहा. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. उन्हाळा जाऊ द्या. गच्चीवर ठेवून तपासतो. टिकली तर टिकली म्हणेन, नाही तर तोंडावर नाही म्हणेन. तोवर हा फोटो जपून ठेवा." त्यांनी नाशिककडच्या लोकांना पाऊस पडेपर्यंत थांबायला सांगितलं. एका पोरीचं लग्न आणि एका पोराचं तोंड, दोन्ही माझ्या गच्चीवर येऊन थांबली.

फोटो स्कॅन केला. सम्राटला वेगळा काढला, कान नव्यानं बसवला. कोट नाही घातला, पांढरा शर्टच ठेवला. नव्या शाईनं त्याचं तोंड छापलं, कारण रंग उतरायला लागला की पहिल्यांदा माणसाच्या कातडीवर कळतं. शेजारी ठेवायला साध्या शाईचा एक नमुना हवा होता. खरं तर तोही त्याच तोंडाचा छापायचा. पण जे उडणार हे मला ठाऊक होतं, त्यात त्या पोराचं तोंड घालायचं माझ्या जिवावर आलं. मी गुलाबाचं फूल छापलं. दोन्ही लाकडाच्या एका लांब फळीच्या दोन टोकांना चिकटवले, फोटो पेपरच्या पाकिटातला काळा कागद प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर लावला, वरून काच बसवली, आणि गच्चीच्या मध्यावर, जिथं कठड्याची सावली येत नाही तिथं फळी ठेवली.

"मी अधनंमधनं बघून जाऊ का?" विमलबाईंनी विचारलं. जिना गल्लीतूनच वर जायचा.

"जा की. पण काचेला हात लावायचा नाही. आणि फळी जागची हलवायची नाही."

"न्हाई लावनार."

त्या वर्षीचा उन्हाळा वाईट होता. आमची पेठ उन्हाळ्यात दुपारी बंद असते, मी जेवायला घरी जायचो तो ऊन कलल्यावरच परत यायचो. कुलूप लावताना विमलबाई मेसचं काम उरकून जिना चढताना दिसायच्या. कधी हातात छत्री असायची. मला वाटायचं, बघतील आणि जातील. पोराचं तोंड आहे, बघू दे. मी सकाळी जाऊन पाहायचो. गुलाब भराभर उतरत होता. सम्राट होता तसाच होता. छगनशेठला मी आयुष्यात पहिल्यांदा फोन करून बरं बोललो.

मृग लागायच्या आधी मी फळी खाली आणली. विमलबाई समोर उभ्या होत्या, उन्हानं रापून काळ्याठिक्कर पडलेल्या, ओठ फुटलेले. मेसच्या चुलीपुढं दिवस काढणारी बाई, त्यातही काही वेगळं मला दिसलं नाही. मी काच काढली, काळा कागद उचलला. गुलाबाचा उघडा भाग धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता. आणि सम्राटच्या तोंडावरून उभी एक रेघ गेली होती, इतकी पुसट की दाखवल्याशिवाय दिसत नव्हती.

"पास," मी म्हटलं. मला एवढा आनंद झाला होता की शेजारच्या कापडवाल्याला ओढून आणून मी ते दाखवलं. "ह्या उन्हात एवढा टिकला, तर घरात भिंतीवर तुमच्या-माझ्या मागंही राहील."

"नक्की?"

"मावशी, मी काय छगनशेठ आहे का?"

त्याच दिवशी त्याच बाटलीतल्या शाईनं मी मोठा फोटो काढून फ्रेम करून दिला. दुसऱ्या दिवशी मेसच्या चुलीत लग्नाचा फोटो गेला. बाईंनी स्वतः घातला, माधुरीच्या देखत. पोरगी रडली, पण नंतर मास्तराला बघायला हो म्हणाली. पाऊस सुरू झाल्यावर विहारातच साधं लग्न झालं. फोटो मीच काढले. विमलबाईंनी आईच्या जागी उभं राहून पोरीला निरोप दिला, आणि खोलीवर जाऊन एकट्याच राहिल्या, भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि त्यांच्या खाली सम्राट.

काळा कागद आणि काच पुन्हा बसवून फळी मी परत गच्चीवर नेऊन टाकली. म्हटलं, बघू तर अजून किती सोसतो.

पुढच्या एप्रिलमध्ये कॉम्प्युटरला व्हायरस लागला. सकाळी बटण दाबलं तर काळा पडदा. रिपेअरवाला म्हणाला, आतलं सगळं गेलं. सम्राटची फाईलही त्यातच होती, फ्लॉपीवर ती मावत नव्हती. मी हळहळलो, पण फार नाही. म्हटलं, फोटो तर भिंतीवर आहे.

मग फ्रेमा परत यायला लागल्या. पहिली काष्टीची. मग इथल्याच दोन-चार. पिगमेंट म्हणून छापलेल्या, आणि साध्या शाईसारख्याच उडालेल्या. मी छगनशेठला फोन लावला तर फोन बंद. पुण्याला जाऊन आलो, गाळ्याला कुलूप. मी मनाशी हिशेब मांडला तो असा, की पहिली बाटली खरी होती, मी तपासली म्हणून त्यानं ती खरी पाठवली, आणि नंतरच्या बाटल्यांत साधी शाई भरून दिली हरामखोरानं. त्याला शिव्या घालत मी लोकांना फोटो फुकट करून देत होतो, जुन्या पद्धतीनं, ब्लॅक अँड व्हाइट. ज्यांच्याकडं मूळ फोटो होते त्यांचं भागत होतं.

दिवाळीनंतर विमलबाई आल्या. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी काउंटरवर ठेवली.

सम्राटचे केस होते, शर्टाची कॉलर होती. तोंडाच्या जागी फिक्कट निळसर काहीतरी राहिलं होतं आणि त्यात डोळ्यांच्या दोन खुणा.

"आखाडापसून उतरत चाललाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मलाच दिसत न्हाई नीट. डोळे तपासून आले."

"हे होऊच शकत नाही," मी म्हटलं. खरोखर ओरडलोच. "तुमचा त्या पहिल्या बाटलीतला आहे. तपासलेल्या. तुम्ही बघितलंत ना, अख्खा उन्हाळा उन्हात राहिला तो."

"म्हनून तर मी इचारते. तिथं टिकला आन घरात कसा काय गेला? आन तिथं तरी ऊन त्याला म्या लागू दिलं कुठं?"

"म्हणजे?"

"छत्री धरायची की मी. मेसमधनं आले की बसायची तितं, ऊन कलंपतुर. छत्री नसली तर पदर. सकाळचं आन सांजचं ऊन काय, कवळं असतं. पन दुपारचं…" त्यांनी पदर पुढं ओढून दाखवला. "काचेला हात न्हाई लावला हां. तुमी सांगितलं हुतं."

गुलाबाला कुणी छत्री धरली नव्हती.

मी बोलून गेलो. मला आवरता आलं नाही, तो माझा स्वभावच नाही. "अहो मावशी, उन्हात ठेवायचा म्हणूनच तर ठेवला होता. तो जळतो का तेच बघायचं होतं. जळाला असता तर मी नाही म्हणून सांगितलं असतं, तुम्ही लग्नाचा फोटो ठेवला असता. शाई पहिल्यापासून खोटीच होती. त्या उन्हात आठ दिवसांत कळलं असतं."

त्यांनी ऐकून घेतलं. कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची त्यांची सवय, पण ह्या वेळी काही विचारलं नाही. सगळं कळलं होतं त्यांना. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि ते वाटून काही उपयोग नव्हता.

मग म्हणाल्या, "ती फळी हाय का वर?"

आम्ही दोघंही जिना चढलो. त्यांच्याआधी माझ्या मनात तेच आलं होतं, काळ्या कागदाखालचा अर्धा चेहरा. फळी कोपऱ्यात होती. दोन पावसाळे तिनं खाल्ले होते. काचेच्या आत पाणी शिरून कागद काचेला चिकटला होता, वर हिरवी बुरशी. मी नखानं कड सोडवायला गेलो तर कागदाचा लगदा हातात आला. तरीही मी खरवडत राहिलो. शेवटी त्यांनीच माझा हात धरला.

"पोरगं घाटात जळून मेलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला तितं कुनी जाऊ दिलं न्हाई. आन हितं अर्धं तोंड झाकलेलं आन अर्धं त्या उन्हात. बघवंना मला. तुमी कशासाठी ठिवलंय ते मला कळत हुतं. येडी न्हाई मी. म्हनायची, आज ऱ्हाऊ द्यावं उन्हात, आज न्हाई जायचं वर. आन परत यायची." मग म्हणाल्या, "आज परत ठिवलात तरी मी छत्रीच धरीन."

खाली येऊन मी फ्रेम उघडली. कॅमेऱ्यानं त्याची कॉपी काढली, फिल्टर बदलून काढली, ब्लॅक अँड व्हाइटवर काढली. त्यांना दोन दिवसांनी बोलावलं. अंधारखोलीत ज्या ज्या पेपरवर काढता येईल त्यावर काढून बघितलं. केस यायचे, कॉलर यायची, मध्ये पांढरा डाग. माझ्या हातानं रेखून काढावं म्हटलं तर त्याचं नाक मला आठवेना. मी त्याला जिवंत पाहिलेलंच नव्हतं. बाईंना विचारलं, नाक कसं होतं? त्या सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "माज्यासारखं, म्हनायचे लोक," एवढंच म्हणाल्या. नीट सांगणारी एक होती, ती नाशिककडं मास्तराच्या घरी होती आणि तिला दिवस गेले होते.

"माधुरीला कळवायचं न्हाई ह्यातलं काही," विमलबाईंनी मला बजावलं. "तिला वाटू द्या सम्राट भितीवर हाय म्हनून."

मला जे येतं ते मी सांगितलं. "मावशी, उरलंय ते तरी राखा. ह्याला उजेड नको. काळ्या कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवा. सारखं काढून बघायचं नाही. वर्षातून एखादे वेळी काढा, ते पण दिवा बारीक करून. मग राहील बरीच वर्षं."

मी काळा कागद काढलाही होता. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि काउंटरवर परत ठेवला.

"बघायचं न्हाई, मंग ठिवायचा कुनासाठी?"

"अहो, पण भिंतीवर लावलात तर येत्या उन्हाळ्यापर्यंत काही उरणार नाही."

"न्हाई ऱ्हायला तर न्हाई. एकडाव गेला तवा मला न सांगता गेला. आता जायाचाच हाय तर माज्यापुढं जाऊ द्या."

फ्रेम मी परत बांधून दिली. त्या टॉवेलात गुंडाळून घेऊन गेल्या. त्या दिवसानंतर मी कलर प्रिंटरला हात लावला नाही. आमची ही म्हणाली, एका शाईपायी एवढं मशीन पडून राहू देता का? मी तिच्यावर ओरडलो. मग मला उगाच वाईट वाटत राहिलं.

बुद्धपौर्णिमेला विमलबाईंनी खिरीला बोलावलं. जायची हिंमत होत नव्हती, तरी गेलो. खोलीला पश्चिमेकडून दार, अर्धं उघडं. दुपारचं ऊन भिंतीवर चढलेलं. फोटोला ताजा हार होता. सम्राटचे केसही आता राखाडी पडले होते, कॉलर गेली होती. बाकी काचेत मला दारातलं ऊन दिसत होतं आणि त्याच्यापुढं माझ्याच डोक्याचा आकार.

विमलबाईंनी खिरीची वाटी माझ्या हातात दिली आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"नाक मागल्या म्हैन्यात गेलं," त्या म्हणाल्या. "व्हट परवापत्तुर दिसत हुते. डोळे हायेत पन अजून. हायेत ना, भाऊ?"

मी जवळ जाऊन पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"आहेत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि दार आणखी उघडलं, मला नीट दिसावं म्हणून.